चिमट्यांचा तक्ता आणि थोरलीचं माप

माझ्या शिवणाच्या खोलीची खिडकी आणि चिमट्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी यांच्यामध्ये दीड हाताची पोकळी आहे. बिल्डरने तिला हवा-उजेडाची सोय म्हटलं होतं. हवा येते ती त्यांच्या फोडणीची आणि उजेड पडतो तो त्यांच्या भांडणांवर. हात लांब केला तर त्यांची शेगडी मला इथून बंद करता येते. दोनदा केलीही आहे, दूध उतू जात होतं. तेव्हा मी डोकावते असं कृपया कोणी म्हणू नये. डोकावायला मान वळवावी लागते. मी नुसती मशीनवर बसते. समोर जे व्हायचं ते होतं.

चिमटे हे त्यांचं आडनाव नव्हे. ते मी ठेवलेलं नाव, आणि आता टपालवालासुद्धा तेच म्हणतो. गृहस्थ समुद्रकाठच्या मासे-संशोधन केंद्रात सव्वीस वर्षं प्रयोगशाळेत आहेत. काम काय, तर बोटीने आणलेला मासा मोजायचा, तोलायचा, पोट चिरायचं, आतली पिशवी काचेच्या ताटलीत रिकामी करायची आणि चिमट्याने एकेक कण वेगळा करायचा. कोळंबीचं टरफल इकडे, खेकड्याची नांगी तिकडे, किड्याचे केस तिसरीकडे. मग ते सगळं छापील तक्त्यात भरायचं: मासा कुठला, किती वाजता पकडला, पोट किती भरलेलं, शून्य ते पाच, आणि आत काय. थोडक्यात, लोकांच्या पोटात काय आहे ते शोधायचा यांना सरकारी पगार मिळतो. मी तेच काम इतकी वर्षं फुकट करते आहे.

स्वतः मासा खात नाहीत. एकदा विचारलं तर म्हणाले, "टेलरबाई, त्याच्या पोटात काय होतं ते मी बघितलंय. त्याला आता माझ्या पोटात कसा घालू?"

माणूस तसा सज्जन. फक्त तुम्ही जेवत असलात की तुमच्या जबड्याकडे बघतात. माझ्या भाच्याच्या बारशाला आले होते, तर पाहुण्यांच्या उष्ट्या ताटांपाशी इतका वेळ उभे राहिले की वाढप्याला वाटलं, यांना पुन्हा वाढायचं राहिलं.

घरात माणसं तीन. चिमटे, त्यांची बायको म्हणजे धाकटी, आणि त्यांच्या थोरल्या भावाची बायको म्हणजे थोरली. भाऊ चार वर्षांपूर्वी गेला, थोरलीला मूलबाळ नाही, ती इथेच राहिली. पहिली तीन वर्षं बरी गेली. मग गेल्या थंडीत दोघी जावांचं फ्रीजच्या मधल्या कप्प्यावरून वाजलं आणि बोलणं बंद झालं. कप्प्यात काय होतं ते दोघींनाही आता आठवत नाही. मला आठवतं, पण मला कोणी विचारत नाही. अर्धा भोपळा होता.

बोलणं बंद म्हणजे मुकाट्याने राहणं, असं बाहेरच्यांना वाटतं. आमच्याकडे उलट. सकाळी सात ते नऊ त्या स्वयंपाकघरात भांडी अशी काही आदळायची की माझ्या मशीनची सुई उडी मारायची. धाकटी चमच्याला सांगायची, "काही लोकांना ओटा पुसायचं शिकवलंच नाही." थोरली भिंतीला सांगायची, "काही लोकांनी ओटा हुंड्यात आणलाय वाटतं." मध्ये टेबलावर चिमटे, हातात पाव, चहा गार. संध्याकाळी आठला दुसरा खेळ. प्रेक्षक तेच, पाव नवा.

आता यात मध्ये पडायचं, तर नवरा म्हणून, दीर म्हणून, दोघींना समोर बसवून विचारायचं, बायांनो, काय झालंय. पण चिमट्यांनी सव्वीस वर्षांत कुणाला तोंडाने काही विचारलेलं नाही. मासे उत्तर देत नाहीत, मग सवय कुठून लागणार? त्यांनी दोन गोष्टी केल्या, दोन्ही घरात कुणाला न सांगता. एक, थोरलीच्या भावाला पत्र टाकलं की इथे वहिनींची ओढाताण होते, तुमच्याकडे सोय होईल का? भावाचं उलट टपाली उत्तर आलं: जरूर, खोली रिकामी आहे, एक तारखेला टॅक्सी घेऊन येतो. आणि दोन, ऑफिसातून कोऱ्या तक्त्यांचं एक पॅड घरी आणलं.

ते पॅड मी पाहिलं. पावाच्या टोपलीखाली ठेवायचे. वरती 'प्रजाती' असं छापलेलं, त्याच्यापुढे पेन्सिलीने 'व.' आणि 'प.', म्हणजे वहिनी आणि पत्नी. आता कुठल्या बाईला प्रजातीच्या रकान्यात बसायला आवडेल? पण चिमटे मन लावून भरत होते. कुठे: ओटा, टेबल. केव्हा. काय खाल्लं. किती भरलं, शून्य ते पाच.

मला वाटलं, चाळा आहे, करू दे. इथे माझं चुकलं.

पंधरा दिवसांनी, एका रविवारी सकाळी, त्यांनी दोघींना टेबलाशी बसवलं आणि निष्कर्ष वाचून दाखवला. खिडकी उघडी होती. मी बटणं लावत होते. तीन बटणं चुकीच्या शर्टाला लागली.

"एकूण नोंदी तीस," चिमटे म्हणाले. "पंधरा सकाळच्या, पंधरा संध्याकाळच्या. पत्नीचा आहार नियमित. वहिनींच्या तीसपैकी सव्वीस नोंदी शून्य किंवा एक. काळा चहा, अर्धा पाव. याचा अर्थ एकाच जागेत एकाच अन्नावर दोघी आहेत आणि एकीमुळे दुसरी उपाशी राहते आहे. हे असं चालणार नाही. वहिनी, तुमची तब्येत बिघडण्याआधी तुम्ही तुमच्या भावाकडे जावं हे बरं. पत्र गेलंय त्यांना. एक तारखेला येतायत."

मला वाटलं, आता छप्पर उडणार. पण कसलं काय. धाकटीने मीठदाणी सरळ केली. थोरली म्हणाली, "बरं," आणि आत जाऊन माळ्यावरची बॅग काढली.

सोमवारी ती बॅग घेऊन माझ्याकडे आली. चेन खराब झाली होती.

"बसवून दे," म्हणाली. "एक तारखेच्या आत."

"ताई, जायचंय तुम्हाला?"

"मला कुणी विचारलंय का? धाकटीला नको असेन, म्हणून तर हे घडवून आणलं."

तासाभराने धाकटी आली, पडद्याची किनार दुमडून घेण्याच्या निमित्ताने. पडदा महिनाभर तसाच पडून होता.

"जायचंच होतं तर मला तोंडावर सांगायचं," ती म्हणाली. "भावाला परस्पर बोलावून घेतलं. ठीक आहे. जाऊ दे."

म्हणजे थोरलीला वाटतंय धाकटीने हाकललं, धाकटीला वाटतंय थोरलीला जायचंय, आणि पत्र टाकणारा शहाणा ऑफिसात खेकड्याची नांगी मोजतोय. आणि मला सगळं ठाऊक.

आता मला काय ठाऊक होतं ते सांगते, म्हणजे तुम्ही मला शिव्या घालायला मोकळे.

थोरली उपाशी नव्हती. ती दुपारी जेवायची. रोज दीडला धाकटी ओटा आवरून आत आडवी व्हायची. पावणेदोनला थोरली स्वयंपाकघरात यायची, बांगड्या कोपरापर्यंत सारायची आणि निवांत, गुणगुणत, स्वतःपुरता सुरेख स्वयंपाक करायची. मग दोन वाट्या घेऊन माझ्याकडे. एक तिची, एक माझी. मशीनच्या पाटावर पाय ठेवून आम्ही दोघी जेवायचो आणि इमारतीतल्या सगळ्यांची उणीदुणी काढायचो. आठ महिने. मी गप्प का राहिले? एक तर तिने गळ घातली होती, कुणाला सांगू नकोस म्हणून. आणि दुसरं, तिची वांग्याची भाजी. जास्त विचारू नका.

पण त्याहून गमतीची गोष्ट अशी की धाकटी आडवी व्हायची, झोपायची नाही. मी बघितलंय, आतल्या दारातून पाय हलताना दिसायचे. आणि आडवं होण्याआधी ती ओट्यावर एक ताटली झाकून ठेवायची. आत चिरलेला कांदा, सोललेला लसूण, कधी धुतलेली भाजी. थोरलीच्या गुडघ्यांना उभं राहून चिरणं जमत नाही, म्हणून. थोरली ते वापरायची, आणि जाताना कढईत एक वाढप शिल्लक ठेवून झाकण घालायची. साडेचारला धाकटी उठून ते खायची. बोटं चाटून. ओटा एकच, शेगडी एकच, कांदासुद्धा एकच, आणि दोघींचा एकमेकींना धक्का नाही. भांडण व्हायचं ते फक्त सात ते नऊ आणि रात्री आठला. चिमटे घरात असताना.

मंगळवारी बॅगची चेन बसवून झाली. मी ती तीनदा लावून-उघडून बघितली. म्हटलं, बये, वांगं खाल्लंस तर आता तोंड उघड. पण उघडायचं कुणासमोर? जावांना सांगितलं तर दोघी मिळून मलाच झोडपणार. म्हणून संध्याकाळी चिमटे जिन्यात दिसले तसे मी त्यांना खोलीत ओढलं.

"भाऊ, तो शिंगाळ्याचा किस्सा पुन्हा सांगा बरं."

हा त्यांचा लाडका किस्सा. शेवाळलेल्या बंधाऱ्यापलीकडे उथळ पाण्यात वाळूचा एक पट्टा आहे, तिथले मासे त्यांच्या केंद्रात येतात. वाळूत किडे असतात. मुडदुशी नावाचा रुपेरी, टोकदार तोंडाचा मासा ते किडे उकरून खातो. शिंगाळा हा मिशांचा मासा, तोही तेच किडे खातो. आणि बोय तिथेच हिंडते, पण ती चिखलावरची साय चाटते, तिला दोघांशी देणंघेणं नाही. केंद्रात नवीन आलेल्या डॉक्टरीणबाईंनी चाळीस शिंगाळे तपासायला दिले. बत्तीसांची पोटं रिकामी. बाईंनी लिहून टाकलं की मुडदुशी सगळं फस्त करते आणि शिंगाळा उपाशी मरतो आहे.

"मग मी म्हटलं," चिमट्यांचा चेहरा खुलला, "मॅडम, उपाशी मासा असा नसतो. याचं यकृत बघा, आतली चरबी बघा. हा कुठेतरी व्यवस्थित जेवतोय. आपली बोट दुपारी किती वाजता जाते? चार. का? तर नावाड्याला सोयीचं म्हणून. मग दिवसरात्र, दर तीन तासांनी जाळं टाकलं. काय निघालं? मुडदुशी दिवसा जेवते, शिंगाळा अंधार पडल्यावर. तीच वाळू, तेच किडे. एक उठतो तेव्हा दुसरा बसतो. बाईंनी अहवालात शेवटी माझं नाव घातलंय, बारीक अक्षरांत."

"घातलंय ना. फ्रेम करून लावलंय तुम्ही दारामागे. आता हे बघा." मी माझी मापांची वही काढली. "ही तुमच्या वहिनींची पानं. गेल्या थंडीतलं ब्लाउजचं माप. हे मार्चमधलं, अर्धा इंच उसवून दिलं. हे जूनचं, आणखी पाऊण इंच. गेल्या आठवड्यात म्हणाल्या, काखेत रुततंय. भाऊ, उपाशी बाईचा ब्लाउज रुततो का हो?"

चिमट्यांनी वही ओढून घेतली. मग बोट ठेवून आकडे पुन्हा वाचले. मग तारखा वाचल्या.

"मी फक्त सकाळी आणि संध्याकाळी नोंदी घेतल्या," ते हळू म्हणाले.

"नावाड्याला सोयीचं म्हणून."

खुर्चीवर बसले ते बसलेच. कपाळाला घाम आला, तो त्यांनी माझ्या अस्तराच्या कापडाला पुसला. मी त्याचंही काही बोलले नाही, यावरून माझी मनःस्थिती समजून घ्या.

पुढे काय आहे ते मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता. मोजल्याशिवाय यांचा स्वतःच्या तापावरही विश्वास बसत नाही. बुधवारी त्यांनी सव्वीस वर्षांत पहिल्यांदा अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि एक वाजता माझ्या खोलीत, गिऱ्हाइकं कपडे घालून बघतात त्या पडद्याआड, स्टुलावर बसले. पडद्याच्या फटीतून खिडकी, खिडकीतून त्यांचंच स्वयंपाकघर. हातात तक्ता. मी म्हटलं, पेन्सिलीचा आवाज करू नका.

दीडला धाकटीने ओटा पुसला. कांदा चिरला. डोळे पुसले; कांद्यानेच असेल. ताटली झाकली आणि आत गेली. पावणेदोनला थोरली आली, झाकण उचललं आणि थोडा वेळ त्या कांद्याकडे नुसती बघत राहिली. मग शेगडी पेटवली. त्या दिवशी गुणगुणली नाही. जाताना कढईत एक वाढप ठेवलं, मग डावभर आणखी घातलं, मग झाकण.

पडद्याआड पेन्सिल थांबली होती.

माझ्या ध्यानातच राहिलं नाही की आता ती वाट्या घेऊन इकडे येणार. कडी वाजली, ती आत आली, आणि नेमक्या त्याच क्षणी चिमट्यांच्या नाकात कापसाचे तंतू गेले. अशी शिंक दिली की पडदा दांडीसकट खाली.

थोरली दोन्ही हातांत वाट्या धरून उभी. समोर स्टुलावर दीर, खांद्यावर पडदा, मांडीवर तक्ता.

"भावजी?" ती म्हणाली. "ऑफिस बुडालं का तुमचं?"

"वहिनी, तुम्ही जेवता," चिमटे म्हणाले. आरोपच केला जणू.

"मग काय वाऱ्यावर जगते?"

"मग माझ्यासमोर का जेवत नाही?"

"तुमच्यासमोर?" थोरलीने वाट्या मशीनवर आदळल्या. "घास तोंडात घातला की तुम्ही असं बघता, की आता चिमटा घालून बाहेर काढाल! तुमचा भाऊ असेपर्यंत तो मध्ये बसायचा, आडोसा होता. आता भिंगाखाली बसून कोण जेवेल? धाकटीचंही तेच. तुमच्यासमोर ती घास कसाबसा ढकलते, म्हणून भांडी आपटते. आणि ती आपटते म्हणून मी आपटते."

"पण सकाळची भांडणं—"

"ती तुमच्यामुळेच!" हा आवाज खिडकीतून आला. धाकटी समोरच्या ओट्याशी उभी होती, हातात वाढप ठेवलेल्या त्या कढईतला झारा. शिंकेने उठली म्हणे. उठली कसली, झोपलीच नव्हती. "टेलरबाई, त्यांना विचारा, जाऊबाईंच्या भावाला बोलावलं कुणी?"

"मी," चिमटे म्हणाले. "तूच म्हणायचीस ना, एक दिवस निघून जाईन या घरातून?"

"ते मी माझ्याबद्दल म्हणते! लग्न झाल्यापासून म्हणतेय, गेले का कधी? जाऊबाईंबद्दल कधी म्हटलं?" मग झारा माझ्या रोखाने हलवत, "टेलरबाई, तिला सांगा, ती गेली तर मी कांदा कुणासाठी चिरू?"

दीड हातावर तर उभी होती थोरली, तरी निरोप माझ्यामार्फत.

"टेलरबाई," थोरली म्हणाली, "तिला सांग, कांदा ठेवणं वेगळं आणि राहा म्हणणं वेगळं."

"तिला सांगा, राहा म्हणतेय."

"तिला सांग, ऐकलं."

मी कुणाला काही सांगितलं नाही. मला हुंदका आला होता, आणि आमच्याकडे हुंदका येण्याचं काम दुसऱ्यांचं असतं. चिमटे तक्त्याकडे बघत होते. त्यांनी 'निष्कर्ष' असं लिहिलेल्या ठिकाणी रेघ मारली आणि खाली काहीतरी लिहिलं. मी वाकून वाचलं. लिहिलं होतं: 'निरीक्षकाच्या उपस्थितीमुळे आहारात फरक. निरीक्षक हलवावा.'

निरीक्षक त्याच दिवशी हलवला. हा ठराव दोघी जावांनी माझ्यामार्फत पाच मिनिटांत पास केला. सकाळी सात ते नऊ आणि रात्री आठला चिमट्यांनी आपला चहा, पाव, ताट, काय असेल ते बाहेर गॅलरीत घेऊन, पाठ घराकडे करून बसायचं. पहिल्या सकाळी गॅलरीत ते असे बसले होते की दूधवाल्याने मला विचारलं, भाऊंना घरातून काढलं का? मी म्हटलं, नाही रे, जागा वाटून घेतलीय. आत भांडी आपटली नाहीत. साडेसातला थोरली एक पाव पूर्ण खाताना मी पाहिली. मान न वळवता.

राहता राहिला थोरलीचा भाऊ. त्याला कळवायचं कुणीतरी, तर चिमटे म्हणाले मी पत्र टाकतो, आणि दोघी एका सुरात म्हणाल्या, तुम्ही नको. आठ महिन्यांत एका सुरात पहिल्यांदाच. मग कळवायचं राहूनच गेलं आणि एक तारखेला सकाळी अकराला भाऊ टॅक्सी घेऊन दारात हजर. धिप्पाड माणूस, घाम पुसतोय, बहिणीची काळजी चेहऱ्यावर.

अकरा म्हणजे धाकटीची वेळ. तिने त्याला हात धुवायला लावून टेबलाशी बसवलं आणि पोटभर वाढलं. तो म्हणाला, बास, आता निघू. थोरली म्हणाली, एवढ्यात कसला निघतोस, दुपारी माझ्या हातचं खाऊन जा. मग दोनला पुन्हा ताट. त्याने नको म्हणून पाहिलं, पण आमच्या थोरलीला नको ऐकू येत नाही. खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता, त्यालाही वर बोलावून घेतलं, आणि मलाही. चिमटे आणखी एक रजा काढून गॅलरीत, पाठ करून. बिचाऱ्याची मान दोनदा वळायला आली होती, मी खाकरले.

चारच्या सुमाराला भाऊ एकटाच जिना उतरला. एका हाताने कठडा, दुसऱ्या हातात डबा. खालच्या पायरीवर थांबून त्याने वर बघून विचारलं, "अक्का, पण पत्रात तर होतं, तुम्ही दोघी एकमेकींशी बोलतच नाही?"

"नाहीच बोलत," थोरली कठड्यावरून म्हणाली. "माझी वेळ झाली की ती झोपते, तिची झाली की मी. बोलायचं कधी?"